भाकरीचा निरोप

माझ्या वडिलांना सगळे नाना म्हणतात. मीही नानाच म्हणते. सिन्नरच्या बाजूच्या मतदारसंघातून ते पाच वेळा आमदार म्हणून निवडून आले, दोनदा पडले, आणि एवढ्या काळात त्यांनी कुणाला तोंडावर 'नाही' म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. 'हो'सुद्धा क्वचितच. 'बघू' हा त्यांचा शब्द. आई म्हणायची, लग्नात भटजींनी घाई केली म्हणून बरं, नाहीतर ह्यांनी मांडवातही 'बघू' म्हटलं असतं. विरोधक त्यांना मिळमिळीत म्हणायचे, वर्तमानपत्रवाले मवाळ म्हणायचे, आणि अडलं की दोघंही आमच्याच दारात यायचे. भांडणारी दोन माणसं एकाच वेळी चहा प्यायला बसू शकतील अशी घरं तालुक्यात फार नव्हती.

मला त्यांच्या ह्या मवाळपणाचा राग यायचा. माझा स्वभाव आईवर गेलाय. जे असेल ते तोंडावर बोलायचं आणि मग दोन दिवस घरात अबोला. मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, तिथं आम्ल आणि अल्कली एकत्र केली की काय होतं ते समोर दिसतं. नाना दोन्ही एकत्र करायचे आणि काहीच झालं नाही म्हणून खूश व्हायचे. पण लोक त्यांना मानत, हे खरं. नाशकात कुठं भाजी घ्यायला थांबले तरी भाजीवाली म्हणायची, तुमच्या नानांमुळं आमच्या गावात भांडण मिटलं.

त्यांची ख्याती होती ती बिनविरोधसाठी. ग्रामपंचायत असो, सोसायटी असो नाहीतर बाजार समिती, निवडणूक टाळायची तर नानांना बोलवा, असं ठरूनच गेलं होतं. लोकांना वाटतं निवडणूक म्हणजे मतदानाचा दिवस. नानांच्या लेखी खरा दिवस माघारीचा. अर्ज भरून झालेले असतात, छाननी झालेली असते, आणि त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत ज्याला अर्ज मागं घ्यायचा त्यानं तहसीलमध्ये जाऊन घ्यायचा. एकदा घेतला की घेतला, तो परत भरता येत नाही. एका जागेला एकच अर्ज उरला की मतदान नाही, भावकीत डोकी फुटणं नाही, आणि पुढची पाच वर्षं एका विहिरीवर दोन घरांना पाणी भरता येतं. हे नानांचं म्हणणं होतं आणि त्यात काही खोटं नव्हतं.

त्यासाठी त्यांची एक पद्धत होती. जो माणूस सगळ्यात जास्त अडून बसला असेल त्याच्या घरी आदल्या दिवशी निरोप पाठवायचा, की उद्या दुपारी भाकरीला येतोय. बाकी एक शब्द नाही. मग दुसऱ्या दिवशी जायचं, गाडी गावाबाहेर लावायची, चालत घरापर्यंत जायचं आणि जे शिजलं असेल ते जेवायचं. अर्धी भाकरी पोटात जाईपर्यंत कामाचं काढायचं नाही, हा त्यांचा नेम. माणूस जेवताना कितीही भांडला तरी जेवू घालून झाल्यावर भांडत नाही, असं ते सांगायचे. आई म्हणायची, तुझ्या वडिलांचं पोट मतदारसंघाच्या मालकीचं आहे, आपण फक्त इसबगोल पुरवायचं.

लहानपणी ते मला बरोबर न्यायचे. लेक बरोबर असली की घरातल्या बायका बाहेर येतात, आणि बायका बाहेर आल्या की निम्मं काम होतं, हे त्यांचं गणित. मला त्याचं काही वाटायचं नाही, उलट मजा यायची. बाजरीची भाकरी, तेलात परतलेला ठेचा, कधी कालचीच मेथी. घरधनी नानांच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसायचा आणि घास तोंडात ठेवून भांडायचा. एकदा एका म्हाताऱ्यानं बोट रोखून सांगितलं होतं, "नाना, भाकरी खा आन् चालते व्हा. माघार मिळायची नाय." नाना हसले, अजून एक भाकरी मागून घेतली आणि निघाले. म्हातारा निवडणुकीला उभा राहिला आणि सपाटून पडला. पुढच्या पोळ्याला तो आमच्याकडं कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन आला आणि आईशी तासभर नानांच्या कागाळ्या करत बसला. नाही म्हणणाऱ्याचं तेव्हा काही वाकडं होत नसे. एवढी एक गोष्ट मला आता पुन्हा पुन्हा आठवते.

नाना दुसऱ्यांदा पडले त्यानंतर त्यांच्या मागं एक माणूस दिसू लागला. खडी क्रशर, मुरमाचे डंपर, पाण्याचे टँकर असा त्याचा पसारा होता, आणि सगळे त्याला शेठ म्हणायचे. वयानं माझ्याहून लहान. वागायला इतका अदबशीर की मला पहिल्याच दिवशी तो आवडला नाही. नानांच्या पाया पडल्याशिवाय खुर्चीला पाठ टेकायचा नाही. पक्षात नव्या लोकांना नाना म्हणजे भिंतीवरचा फोटो वाटायला लागले होते, तेव्हा ह्या शेठनं त्यांना गावोगाव पुन्हा नेलं. नाना, तुम्ही फक्त जेवून या, बाकी आम्ही आहोत, असं तो म्हणायचा. बाकी म्हणजे काय ते नानांनी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं असं काही मी म्हणणार नाही, मला त्या वेळी माझ्या मुलांच्या परीक्षा होत्या आणि नाना घराबाहेर पडतायत ह्याचंच बरं वाटत होतं.

मग निफाडच्या बाजूला एका सोसायटीच्या निवडणुकीत एका द्राक्षबागायतदारानं नानांना जेवू घालून सरळ नाही म्हटलं. नाना नेहमीसारखे हसत परत आले. थोड्याच दिवसांनी त्याची बाग कुणीतरी बुंध्यातून कापली. नाना ऐकल्याबरोबर निघाले, मीही गेले. वरून बाग हिरवीच दिसत होती. पानं ताजी होती, घड तारांवर तसेच लटकत होते, आणि खाली वाकून पाहिलं की एकेक बुंधा जमिनीपासून हातभर वर सुटा झालेला. बाई आत कुठंतरी रडत होती. तो माणूस नानांचे हात हातात घेऊन उभा होता, पण त्यांच्याकडं बघत नव्हता. गाडीत नाना म्हणाले, भावकीतलं वैर असतं, फार वाईट. ते मनापासून बोलत होते.

पुढं दुसऱ्या एका गावात नाही म्हणणाऱ्याची कडब्याची गंज पेटली. नाना म्हणाले, उन्हाळ्यात पेटतात. त्यानंतर मात्र नाही म्हणणारं कुणी उरलं नाही. एकामागून एक गावं बिनविरोध होत गेली. नानांचा सत्कार झाला, वर्तमानपत्रात सामंजस्याचे शिल्पकार म्हणून फोटो आला, आणि पक्षात पुन्हा त्यांचं नाव विधान परिषदेसाठी घेतलं जाऊ लागलं. आई तेव्हा नव्हती. असती तर तिनं त्या फोटोत भजी गुंडाळली असती.

नानांच्या जुन्या ड्रायव्हरला डोळ्यांचा त्रास सुरू झाला, मी तोवर निवृत्त झाले होते, म्हणून त्यांना घेऊन मीच जाऊ लागले. इतक्या वर्षांनी त्यांच्या पंगतीला बसले आणि पहिल्याच घरी मला जेवण उतरेना. ताटात शिरा होता, तळलेले पापड होते, दोन भाज्या होत्या. असं निरोपावर जेवण कधी नसायचं, जे असेल ते असायचं. शिवाय आमच्याबरोबर कुणी बसलं नाही. घरधनी, त्याची बायको, म्हातारे आईवडील, सगळे भिंतीला लागून उभे. मी बाईला म्हटलं, बसा की आमच्याबरोबर. ती म्हणाली, आम्ही मागून. नानांनी अर्धी भाकरी खाऊन विषय काढायच्या आतच घरधन्यानं सांगितलं, मी तीनच्या आत जाऊन येतो, तुम्ही म्हणाल तसं. नानांनी समाधानानं मान हलवली. निघताना मी ओट्यावरून वळून पाहिलं तर ती बाई घाईनं आमची ताटं उचलत होती.

दुसऱ्या गावी तसंच. तिसऱ्या गावी वेशीवर आमची गाडी दिसल्याबरोबर रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांना बायकांनी दंडाला धरून आत ओढलं. पुढाऱ्याची गाडी म्हटल्यावर एरवी पोरं मागं धावतात.

परतताना नाशकात द्वारका चौकात आम्ही वाहतुकीत अडकलो. पुढं बस, मागं कंटेनर, बाजूला रिक्षावाले एकमेकांची आई-बहीण काढत होते. मी नानांना विचारलं, "नाना, तुम्हाला शेवटचं कुणी नाही कधी म्हटलं?"

ते म्हणाले, लोकांना आता समजूत आलीये. मी म्हटलं, समजूत आलेला माणूस भिंतीला चिकटून उभा राहत नाही. मग मी बाग म्हटलं, गंज म्हटलं, आणि दोन्ही ठिकाणी तुम्ही आधी जेवून आला होता हे सांगितलं. माझा आवाज चढला होता. नानांनी काच खाली केली, मग वर केली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दोन-चार दिवसांनी ते म्हणाले, निफाडला जायचंय. निरोप नको, असंच जाऊ. त्या बागायतदारानं नवी रोपं लावली होती, हातभर झाली होती. आम्हाला पाहून त्यानं खुर्च्या आणल्या, पण घरात चला म्हणाला नाही. नानांनी त्याला विचारलं, मी जेवून गेल्यावर तुझ्याकडं कुणी आलं होतं का. तो वाकून एका रोपाचं आळं सारखं करू लागला. मग म्हणाला, दोन पोरं आली होती, शेठच्या डंपरवरची. नानांचं मन मोडलंस, एवढंच बोलून गेली.

नानांनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुम्हाला ठावं आसंल."

"ठाऊक असतं तर बाग बघायला आलो असतो का रे?"

"आला होता," तो म्हणाला, "म्हणून तर वाटलं."

मी आजवर नानांना पडताना दोनदा पाहिलंय, मतमोजणीच्या मांडवातून बाहेर येताना. दोन्ही वेळा ते लोकांना धीर देत बाहेर आले होते. त्या दिवशी गाडीपर्यंत यायला त्यांनी माझा खांदा धरला. मला त्यांची दया आली आणि लगेच त्या दयेचा संतापही आला, कारण त्या माणसाची बाग कापली गेली होती आणि मी मात्र माझ्या वडिलांना सांभाळत होते.

ह्याच सुमाराला सिन्नरच्या पलीकडच्या एका गावात सरपंचपदाची निवडणूक लागली. जागा बायकांसाठी राखीव होती. गावामागच्या डोंगरावर शेठचा क्रशर होता आणि त्याला आता डोंगराचा उरलेला भागही हवा होता. त्यासाठी ग्रामपंचायत हातात पाहिजे, म्हणून त्यानं आपल्या भावजयीचा अर्ज भरला होता. बाकीचे अर्ज आपोआप गळणार होते. एक गळणार नव्हता. गावात पिठाची गिरणी चालवणारी एक बाई होती, तिशी-पस्तिशीची. सुरुंगाच्या हादऱ्यांनी तिच्या घराच्या भिंतीला तडे गेले होते, विहिरीचं पाणी गेलं होतं. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगायची की मी सरपंच झाले तर डोंगराला हात लावू देणार नाही. बायका तिच्या बाजूनं होत्या. मतदान झालं असतं तर ती आली असती, हे शेठलाही ठाऊक होतं. म्हणूनच तो आमच्याकडं आला, पाया पडला आणि म्हणाला, नाना, एकदा जेवून या.

नाना म्हणाले, बघू.

शेठ गेल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. ते म्हणाले, मी जाणार आहे, पण तिला सांगायला की माघार घेऊ नको. तिच्या प्रचाराला मी स्वतः गावात जाऊन बसेन. बघतो तिच्या घराला कोण हात लावतो. आयुष्यात पहिल्यांदा ते एका बाजूनं बोलत होते. विधान परिषदेचं काय, असं मी विचारलं, कारण शेठला दुखावलं की ते संपलंच होतं. ते म्हणाले, तिथं जाऊन तरी मी काय, बघूच म्हणणार ना. आम्ही दोघंही हसलो. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला माझ्या वडिलांचा फार अभिमान वाटला. आई पाहिजे होती असं वाटलं.

माघारीच्या आदल्या दिवशी त्यांनी गावातल्या एका जुन्या कार्यकर्त्याला फोन केला. मी तिथंच वाटाणे सोलत होते. नेहमीच्याच आवाजात नेहमीचंच वाक्य बोलले: बाईंना सांग, उद्या दुपारी भाकरीला येतोय. इतक्या वर्षांची सवय. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनाही नाही. जाऊन समोरासमोर सांगू, फोनवर अशा गोष्टी बोलायच्या नसतात, अशीच आमच्या घरची रीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मोहदरीचा घाट चढताना नाना मोकळे झाले होते. तिला काय काय सांगायचं ते मला म्हणून दाखवत होते. आधी गिरणी कशी चालते विचारीन, मग भिंतीचे तडे बघीन, मग अर्धी भाकरी झाली की सांगीन. मी म्हटलं, आज तरी नेम मोडा, गेल्या गेल्या सांगा. ते म्हणाले, उपाशीपोटी सांगितलेलं कुणाला खरं वाटत नाही.

गाव शांत होतं. गिरणी बंद होती. तिच्या दारात रांगोळी काढलेली होती. आत ताटं मांडलेली होती, दोनच. पुरणाचा वास येत होता. बाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती, शेजारी तिची सासू, मागं नवरा, जो सिन्नरच्या कारखान्यात कंत्राटावर होता आणि त्या दिवशी खाडा करून घरी थांबला होता. दोन लहान मुली दाराआड. भिंतीला खरंच तडे होते, छतापासून चुलीपर्यंत. नानांनी गिरणीचं विचारलं. ती म्हणाली, चालते. नानांनी तिला जेवायला बस म्हटलं. ती म्हणाली, आम्ही मागून.

नाना जेवू लागले. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते की आता सांगा, पण ते मन लावून जेवत होते, त्यांच्या हिशोबानं अजून अर्धी व्हायची होती. शेवटी त्यांनी घास खाली ठेवला आणि हसून विचारलं, "पोरी, मी कशाला आलोय, ठाऊक आहे का तुला?"

"ठावं हाय नाना," ती म्हणाली. "मी सकाळीच जाऊन आले. तहसील उघडल्या उघडल्या. सही करून आले. तुम्ही निवांत जेवा."

नानांचा हात ताटातच राहिला. त्यांना राग आला असं वाटून सासू घाईनं पुढं झाली आणि तिनं हात जोडले. "तिला आम्हीच धाडली," ती म्हणाली. "तुमचा निरोप आला, मंग काय करावं. आमच्याकडं तोडायला बाग नाय नाना, पोरीच हायेत."

मला वाटलं नाना आता सांगतील. ते सांगायला लागलेही. "बाई, मी तुला," एवढं त्यांच्या तोंडून आलं आणि त्या बाईचा चेहरा असा झाला की ते थांबले. काही चुकलं का, तिनं विचारलं. नाना म्हणाले, नाही, काही चुकलं नाही, पुरणपोळी चांगली झालीये. मग त्यांनी ताटातलं सगळं संपवलं. अजून एक मागून घेतली. मी माझं ताट तसंच ठेवून उठणार होते, त्यांनी माझा हात दाबला. ताट टाकून उठलो असतो तर त्या घरात पुढचे कित्येक दिवस कुणाला झोप लागली नसती. म्हणून मीही जेवले. इतकं कठीण काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

गाडीत मी त्यांच्यावर ओरडले. निदान सांगायचं तरी, की तुम्ही कशाला आला होता. ते म्हणाले, तिला वाटलं असतं मी तिची परीक्षा घेतोय. मग घाट उतरल्यावर, शिंद्याच्या टोलनाक्यापाशी म्हणाले, फोनवरच सांगायला पाहिजे होतं गं. ते एकदाच म्हणाले.

संध्याकाळी शेठ हार आणि शाल घेऊन आला. भावजय बिनविरोध आली होती. बरोबर आठ-दहा माणसं होती, पेढे होते. नानांनी शाल घेतली नाही. खुर्चीतून न उठता सगळ्यांसमोर सांगितलं, "मी तिला उभी राहा म्हणून सांगायला गेलो होतो."

माणसं हसली. नाना मोठेपणा घेत नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. शेठ हसला नाही. तो खाली वाकला, पायांना हात लावला आणि तसाच वाकलेला राहून हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही काय सांगायला जाता त्याला आता महत्त्व नाही नाना. तुम्ही येताय म्हटलं की पुरतं." मी खुर्चीमागंच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. मी त्याला चालता हो म्हटलं. तो मला ताई म्हणून नमस्कार करून गेला.

त्यानंतर नानांनी वर्तमानपत्रांना निवेदन दिलं, की मी ह्यापुढं कुणाच्याही माघारीसाठी जाणार नाही आणि दबावानं केलेलं बिनविरोध मला मान्य नाही. आयुष्यातलं त्यांचं सगळ्यात कडक निवेदन. आतल्या पानावर आलं, मथळा होता की ज्येष्ठ नेते नाराज. पुढच्याच आठवड्यात दोन गावांतली माणसं पेढे घेऊन आमच्या दारात उभी राहिली. नाना नाराज आहेत असं त्यांनी वाचलं होतं आणि आपल्यावर तर नाहीत ना, हे त्यांना विचारायचं होतं. नानांनी त्यांना बसवून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवून ऐकून घेतलं. त्यांच्या गावांत विरोधातले दोन अर्ज अजून शिल्लक होते, ते दुसऱ्या दिवशी मागं घेतले गेले.

आता नाना कुठं जात नाहीत. पोलिसांकडं मी गेले होते. त्यांनी चहा पाजला आणि तक्रार कुणाविरुद्ध लिहू असं विचारलं. बागायतदार बोलायला तयार नाही. गिरणीवालीकडं मी एकटी गेले होते. तिनं मला पाणी दिलं, पण आत बोलावलं नाही. डोंगराचा निम्मा भाग गेलाय, आणि बोलताना मधेच जमीन हादरली तेव्हा तिनं हातातला तांब्या खाली ठेवला, हादरा थांबू दिला आणि मग उचलला.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं दुपारी जेवायला बसलो होतो. नानांचा फोन वाजला. तो आता मीच उचलते. पलीकडं एक माणूस होता, अनोळखी, आवाजावरून शेतकरी. त्याच्या गावात सोसायटीची निवडणूक होती. तो म्हणाला, काल नानांचा निरोप आला होता, भाकरीला येतायत म्हणून. आमच्याकडून कुणीही कुठलाही निरोप पाठवला नव्हता. नानांनी हात पुढं केला, मी फोन त्यांना दिला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"नाना, मी सकाळीच माघार घेऊन आलोय," तो माणूस म्हणाला. "सैपाक करून ठिवलाय. घरात अजून कुणी जेवलं नाय. तुम्ही येताय, का आम्ही जेवून घेऊ?"

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले.

"जेवून घ्या," ते म्हणाले.

त्या माणसानं त्यांचे आभार मानले.